महालक्ष्म्यांत कोण येईल?

माझं निम्मं काम नाकानं होतं, असं सांगितलं की लोकांना गंमत वाटते. पण खरंच तसं आहे. अंथरुणावरच्या माणसाच्या खोलीत पाऊल टाकलं की पहिल्याच श्वासात कळतं, इथली बाई पेशंट पाहते की मोबाइल. फिनेलचा वास भपकन आला तर मी जास्त सावध होते. सिस्टर तपासायला येणार म्हणून सकाळीच घाईघाईनं फरशी पुसलेली असते. चांगल्या खोलीला वास नसतो. फार तर खोबरेल तेलाचा.

मी सरकारी दवाखान्यात परिचारिका होते. नोकरी बहुतेक खामगावातच गेली. निवृत्त झाल्यावर नातवंडांचे डबे भरत बसायचं ठरवलं होतं, पण नातवंडं पुण्याला आणि मी इथं, तेव्हा डबे भरायचे कुणाचे? आमच्या जिल्ह्यात आता घरोघरी हेच आहे. म्हातारी माणसं इथं आणि मुलं पुण्याला, हैदराबादला, काही तर पार समुद्रापलीकडे. आईबाप चालतेफिरते असतात तोवर व्हिडिओ कॉलवर निभतं. एकदा अंथरूण धरलं की मग हाडामांसाचा माणूस लागतो. ही गरज ओळखून गेल्या काही वर्षांत गल्लोगल्ली एजन्स्या निघाल्या. घरपोच नर्स, आया, केअरटेकर मिळेल असा बोर्ड, आणि बोर्डावर हसणाऱ्या गोऱ्यापान नर्सचा फोटो, जी आमच्या जिल्ह्यात अजून कुणी पाहिलेली नाही. मग मुलांचे मला फोन येऊ लागले. ‘सिस्टर, एजन्सी चांगली आहे का, जरा जाऊन बघाल?’ असं करता करता मी एजन्स्या पारखणारी बाई झाले.

एजन्सीच्या ऑफिसात मी बसत नाही. तिथं चहा मिळतो आणि भिंतीवर सर्टिफिकिटं दिसतात. मी म्हणते, तुमची बाई सध्या जिथं कामाला आहे त्या घरी न्या. तिथं गेल्यावर आधी पेशंटच्या टाचा बघते. मग कूस वळवून माकडहाडावरची कातडी बघते. तिथं लाली असली आणि बोटानं दाबूनही ती हटली नाही, तर समजायचं की या माणसाला एकाच कुशीवर टाकून ठेवतात. लालीची जखम व्हायला वेळ लागत नाही आणि ती जखम भरायला कधी कधी उरलेलं आयुष्य पुरत नाही. मग गालाच्या आत बोट घालून बघते, सकाळचा भात अजून तिथंच आहे का. पाण्याचं भांडं चालत्या हाताकडे ठेवलंय की लुळ्या, ते बघते. आणि बाई पेशंटशी बोलते की पेशंटबद्दल, ते ऐकते. ‘आता हिले उचलतो’ म्हणणारी वेगळी आणि ‘आजी, उठवतो बरं का आता’ म्हणणारी वेगळी.

असं बघत हिंडताना हसावं की रडावं असे नमुने भेटतात. एका ‘ट्रेन्ड’ बाईला मी बीपी घ्यायला सांगितलं तर तिनं आजोबांच्या स्वेटरवरूनच पट्टा गुंडाळला. एजन्सीच्या मालकाकडे पाहिलं तर तो म्हणाला, ‘थंडी हाये ना मॅडम.’ लोणार तालुक्यात बीबीला एका आजोबांची लघवीची पिशवी पलंगाच्या वर, कॅलेंडरच्या खिळ्याला टांगलेली होती. ती अंगाच्या खालीच असावी लागते, नाहीतर लघवी उलटी फिरते आणि ताप भरतो. आजोबांना तो भरलेलाच होता. पण घरचे बाईवर खूष. ‘किती टापटीप आहे बघा, पिशवी खाली लोळू देत नाही,’ असं सूनबाईंनी मला कौतुकानं दाखवलं. मी त्या एजन्सीला नापास केलं, त्या घरानं मला नापास केलं, आणि बाई तिथंच राहिली.

पण हे सगळं झालं कामाच्या दर्जाचं. भरवसा ही वेगळी गोष्ट आहे. बाई गुणाची असते, पण ती ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी कोण येतं? एजन्सीची खरी परीक्षा तिथं होते. म्हणून सगळं बघून झाल्यावर मी मालकाला एकच प्रश्न विचारते. महालक्ष्म्यांत कोण येईल?

पुण्याकडे ज्यांना गौरी म्हणतात त्या आमच्या महालक्ष्म्या. भाद्रपदातले तीन दिवस: एक येण्याचा, एक जेवणाचा, एक जाण्याचा. बाहेरगावची मुलं-सुना दिवाळीला एखादे वेळी येणार नाहीत, पण महालक्ष्म्यांना येतात. आणि पेशंटकडची बाई, तीही कुणाच्या तरी घरची सून असल्यामुळे, बरोबर त्याच तीन दिवसांत आपल्या घरी जाते. सगळ्या बाया एकदम जातात. बहुतेक मालक माझा प्रश्न ऐकून पंख्याकडे बघतात. ‘करू ना मॅडम काईतरी,’ म्हणतात. काहीतरी म्हणजे कुणीच नाही, हे मला अनुभवानं कळलंय.

शकीलभाई हा एकटा असा भेटला की त्याचं उत्तर तयार होतं. एका मेडिकल स्टोअरच्या वरच्या खोलीत त्याची एजन्सी. आधी तो एका खासगी दवाखान्यात वॉर्डबॉय होता, त्यामुळे माणूस उचलायचा कसा आणि ठेवायचा कसा हे त्यानं स्वतः केलेलं होतं.

‘मॅडम, माह्याकडे सगळ्याच समाजाच्या बाया हायेत,’ तो म्हणाला. ‘ईदले आमच्या बाया सुट्टीवर, तवा बाकीच्या सांभाळतेत. जयंतीले बौद्धांच्या बाया जातेत, तवा आमच्या. अन् महालक्ष्म्यांत आमच्या अन् बौद्धांच्या मिळून पुऱ्या तालुक्याले पुरतेत. एक दिवस खाडा नाई.’

‘वा शकीलभाई, याले म्हनतेत बंदोबस्त,’ मी म्हटलं.

तो काही हसला नाही. ‘बाया तयार हायेत हो मॅडम. पन दरवाजा उघडाले पायजे ना समोरच्यानं.’

मला ते समजावून सांगावं लागत नाही, मी स्वतः बौद्ध घरातली आहे. वर्षभर जिच्या हातची पेज चालते तीच बाई या तीन दिवसांत घरात नको असते. सोवळं असतं. कुणी तोंडावर तसं म्हणत नाही. ‘तुम्हीपण जरा आराम करा’ असं म्हणतात. मला मात्र सगळीकडे चहा मिळतो, चांगल्या कपातून. पांढऱ्या केसांना आणि सिस्टर या हाकेला बरीच सूट असते.

शकीलभाईला मी पास केलं, आणि नांदुऱ्याच्या एका घरी त्याची बाई लावून दिली. ते घर आक्कांचं.

आक्का शाळेत मराठी शिकवायच्या. निवृत्तीनंतर झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. उरले दोनच शब्द: ‘काऊन बे?’ म्हणजे आमच्या रांगड्या वऱ्हाडीतलं ‘का रे?’ या आजारात असं होतं, सगळी भाषा पुसली जाते आणि एखादाच तुकडा राहतो. जन्मभर पोरांना शुद्ध बोला म्हणून धपाटे घातलेल्या बाईच्या वाट्याला नेमका हा तुकडा आला. डॉक्टर आले की ‘काऊन बे?’ नवरा समोर आला की ‘काऊन बे?’ एकदा त्यांच्या शाळेचे जुने हेडमास्तर भेटायला आले, त्यांनाही तेच, आणि वर स्वतःच लाजून डावा हात तोंडावर ठेवला. आम्ही सगळे खूप हसलो होतो, आक्काही हसल्या होत्या. त्यांचे यजमान अण्णा कापसाच्या जिनिंगमध्ये मुनीम होते. काठी टेकत घरातल्या घरात फिरायचे. मुलगा प्रशांत आणि सून मेघा पुण्याला नोकरीला.

शकीलभाईनं दिलेली बाई संगीता, जवळच्याच खेड्यातली, बौद्ध. ती काही देवदूत नव्हती. फोनवर फार बोलायची, चहात साखर ओतायची, आणि आक्कांना सासूनं सुनेला दटावावं तशी दटावायची. ‘गिळा आता गुपचूप, माह्याकडे पाहू नोका अशा!’ आक्का म्हणायच्या, ‘काऊन बे?’ आणि गिळायच्या. पण आक्कांच्या टाचा आणि पाठ कशी होती म्हणाल तर लहान लेकरासारखी.

आक्कांच्या बाबतीत सगळ्यात नाजूक गोष्ट होती घास. झटक्यानंतर नुसते हातपाय लुळे होत नाहीत, घसाही लुळा होतो. गिळलेलं पोटात जाण्याऐवजी श्वासनळीत उतरतं, आणि ठसका लागेलच असं नाही. गुपचूप फुप्फुसात जातं आणि तिथं सडतं. म्हणून अशा माणसाला ताठ बसवायचं, हनुवटी खाली घ्यायला लावायची, चांगल्या बाजूनं छोटा चमचा द्यायचा, गिळलं की गाल तपासायचा आणि मगच पुढचा घास. खाणं दाटसर हवं. पातळ पाणी हे सगळ्यात वाईट. जेवण झाल्यावर लगेच आडवं करायचं नाही. हे मी संगीताला दाखवलं, अण्णांना दाखवलं, मेघाला पुण्याहून आल्यावर दाखवलं आणि तिच्याकडून करवून घेतलं. हे नीट पाळलं म्हणून आक्का सुधारत होत्या. व्यायाम करून घ्यायला येणारे डॉक्टर म्हणाले होते की हिवाळ्यात त्यांना उभं करून बघू. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून त्या रस्ता बघायच्या, आणि ओळखीचं कुणी गेलं की आतून जोरात ‘काऊन बे?’ म्हणायच्या. तो माणूस हात करायचा.

भाद्रपद आला. प्रशांतचा फोन आला. ‘सिस्टर, संगीताताईंना तीन दिवस सुट्टी दिलीय. पगारी. त्यांनाही बरं वाटेल.’

मी म्हटलं, ‘तिनं मागितली का सुट्टी?’

तो म्हणाला, ‘तसं नाही. पण आत्या येणार आहे, तिचं कडक असतं सगळं. माझ्याकडून काही नाही हो, तुम्हाला माहितीये. आणि घरात आम्ही इतकी माणसं असणार, बाईची गरज काय?’

मी बरंच बोलले. म्हटलं, तिला स्वयंपाकघराकडे फिरकू देऊ नका, आक्कांच्या खोलीत बसू द्या, मागच्या दारानं येईल. हे सांगताना माझीच मला शरम वाटली, पण सांगितलं. तो ‘आत्याशी बोलतो’ म्हणाला. शकीलभाईनंही फोन केला, ती नको तर दुसरी बाई देतो म्हणाला. दुसरी बाई म्हणजे नसीम. त्या घरानं नम्रपणे नको म्हटलं. मग मी मेघाला फोन करून घासाचं सगळं पुन्हा एकदा सांगितलं. तिनं न चुकता परत म्हणून दाखवलं. चांगली मुलगी आहे ती. तिनं ते पाळलंही, जेवणाच्या दिवशी दुपारपर्यंत.

त्या दुपारी माझ्या फोनवर प्रशांतनं एक व्हिडिओ पाठवला. खाली हात जोडल्याची चित्रं आणि ‘आक्कांनी आज पुरणपोळी खाल्ली!’ मी चष्मा लावून बघितलं. आक्का पलंगावर आडव्या, डोक्याखाली एक उशी, नव्या साडीत, कपाळाला मळवट भरावा तसं हळदीकुंकू. भोवती सगळं गणगोत. एकेक जण येतोय, ताटातला घास मोडतोय, आक्कांच्या तोंडात घालतोय. एक पोळीचा, एक भाजीचा, एक भज्याचा. कुणीतरी वाटीनं आंबील पाजली. आंबील म्हणजे ज्वारीच्या पिठाची पातळ कढी. आक्का मान फिरवत होत्या. ‘काऊन बे? काऊन बे?’ म्हणत होत्या, आणि त्या प्रत्येक वेळी खोलीभर हसू फुटत होतं. शेवटी शेवटी त्यांचा आवाज ओला झाला होता, नळाला हवा आल्यावर येतो तसा. तो मला व्हिडिओत ऐकू आला. त्या खोलीत कुणालाच आला नाही.

मी फोन लावला. कुणी उचलेना. जेवणाच्या पंगती चालल्या असणार, उचलणार कोण. मेघाला लावला, प्रशांतला लावला, अण्णांना लावला. मग घराला कुलूप घालून मी एसटी धरली. सणाचा दिवस, गाडी भरलेली, मी उभीच होते. कंडक्टरला म्हटलं, ‘दादा, लवकर घ्या.’ तो म्हणाला, ‘बाई, सगळ्याईलेच जेवाले जायचं हाये.’

दारात चपलांचा ढीग होता. मी चप्पल काढून कुणाला न विचारता सरळ आत गेले. कुणी अडवलं नाही, सिस्टर म्हणून ओळखतात. आक्कांना उठवून ताठ बसवलं, पदर बाजूला करून गालात बोट घातलं. पुरण, गिलक्याची भाजी, भज्याचा तुकडा, सगळं त्या लुळ्या गालात कोंबलेलं होतं. मी ते काढत राहिले आणि दारात उभी राहून माणसं बघत राहिली. मेघाच्या हातात वाढायचं भांडं तसंच होतं. ती म्हणाली, ‘मी वाढत होते हो सिस्टर. मला वाटलं आतमध्ये इतके जण आहेत.’

अण्णांच्या बहिणीला माझं वागणं आवडलं नाही. ‘परसाद हाये सिस्टर,’ त्या म्हणाल्या. ‘मायेनं देल्लेल्या परसादानं कोनाचं वाईट होते का?’

मला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला, आणि तो काढायला एकही वाईट माणूस सापडेना. प्रत्येकानं एकेक घास भरवला होता. प्रेमानं. ‘दवाखान्यात न्या, आत्ताच्या आत्ता,’ मी प्रशांतला म्हटलं. कुणीतरी म्हणालं, आरती होऊ द्या. अण्णा काठी आपटत उठले आणि म्हणाले, ‘खड्ड्यात गेली आरती, गाडी काढ बे!’ त्या घरात मी त्यांचा आवाज पहिल्यांदा एवढा मोठा ऐकला.

अकोल्याला नेलं. ताप चढला, फुप्फुसं भरली. चौथ्या दिवशी सकाळी ठरल्याप्रमाणे संगीता कामावर गेली आणि तिनं मला फोन केला. ‘सिस्टर, इथी तं कुलूप हाये. आक्का कुठी गेल्या?’ मी सांगितलं. नंतर कळलं, ती तशीच अकोल्याला गेली आणि आयसीयूच्या बाहेर बसून राहिली. तिला आत सोडलं नाही, नातेवाईकांनाच सोडतात. आक्का परत आल्या नाहीत. खिडकीजवळची खुर्ची मेघानं घडी करून माळ्यावर टाकली.

एवढ्यावर संपलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. तेराव्यानंतर शकीलभाईच्या एजन्सीच्या नावापुढे गूगलवर कुणीतरी एकच चांदणी दिली आणि लिहिलं, ‘ऐन सणात बाई गैरहजर. पेशंट दगावला. भरवसा ठेवू नये.’ कुणा नातेवाइकानं लिहिलं असेल. प्रशांतनं लिहिलं नाही एवढं मला माहीत आहे, पण त्यानं खोडूनही काढायला लावलं नाही. मी शकीलभाईकडे गेले, म्हटलं, उत्तर लिहा, मी साक्ष देते. नसीमला पाठवायची तयारी होती म्हणून सांगा.

तो म्हणाला, ‘काय लिहू मॅडम? हिंदूंच्या सणात माही बाई घरात घेतली नाई म्हनून पेशंट गेला, असं लिहू? माह्या नावानं?’

ते उत्तर लिहिलं गेलंच नाही. त्याच्या बाया हळूहळू इकडेतिकडे पांगल्या. संगीता आता एका जिनिंगमध्ये कापूस झाडायला जाते. मी पारखलेली सगळ्यात भरवशाची एजन्सी ती, आणि लोक अजून मला फोन करून विचारतात, ‘ती नांदुऱ्याची केस ज्यांची, ते तर नाहीत ना?’ मी समजावून सांगते, ते ‘हो हो’ म्हणतात आणि दुसऱ्याकडे जातात.

मला वाटायचं, मी शिकलेली बाई, चांगल्या एजन्स्या शोधून दिल्या की चार म्हातारी माणसं सुखानं जातील. टाचा तपासायला मला येतं, पाठ तपासायला येतं. घर कसं तपासायचं ते कुणी शिकवलं नाही, आणि शिकवलं असतं तरी घराला नापास करून पेशंट कुठं हलवणार होते मी? त्याला तेच घर असतं.

होळीनंतर अण्णा न्हाणीत घसरले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण उठणं काही नाही, आणि त्यात अंगातला जोर गेला. प्रशांतचा पुन्हा फोन. ‘सिस्टर, अण्णांसाठी चांगली एजन्सी बघून द्या. तुमच्याशिवाय कुणावर विश्वास नाही.’

मी गेले. तीच खोली, तोच पलंग. नव्या एजन्सीचा मालक बाईला घेऊन आलेला होता. बाई बरी वाटली, हात हलका होता. टाचा पाहिल्या, पाठ पाहिली. मग सवयीनं मालकाला विचारलं, ‘महालक्ष्म्यांत कोण येईल?’

त्यानं पंख्याकडे पाहिलं. प्रशांत फोनवर होता, स्पीकरवर. तो घाईनं म्हणाला, ‘त्या तीन दिवसांची तुम्ही काळजी करू नका सिस्टर. आम्ही सगळे येतोच की. घर भरलेलं असतं.’

मालक निघून गेला, बाई चहा टाकायला आत गेली. अण्णांनी मला बोटानं जवळ बोलावलं. मी वाकले. दार लोटलेलं आहे ना, हे त्यांनी मान वळवून एकदा पाहिलं.

‘सिस्टर,’ ते हळूच म्हणाले, ‘यंदा महालक्ष्म्या कवा येतेत?’